सासूबाईंच्या लग्नाची नोंदणी

माझ्या हातावरची मेंदी अजून पुरती उतरली नव्हती, तेव्हाची गोष्ट. ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये नवऱ्याचं नाव घालायला गेले, तर एचआरमधली मुलगी म्हणाली, "लग्न झाल्याचा पुरावा लागेल." मी तिला मेंदीचा हात दाखवला. गळ्यातलं दाखवलं. मग मोबाईल काढून हळदीपासूनचे फोटो दाखवायला लागले. त्या दिवसांत मी रिक्षावाल्यांनाही लग्नाचे फोटो दाखवायच्या बेतात असायचे. तिने काही फोटो मनापासून पाहिले, शालूचा रंग छान आहे म्हणाली, आणि फोन माझ्या हातात परत देत म्हणाली, "मॅरेज सर्टिफिकेट आण."

दुसऱ्या कुणाला कटकट वाटली असती. मला आनंद झाला. लग्न संपलं याचं मला मनातून वाईटच वाटत होतं. इतके दिवस सगळे आपल्याभोवती फिरतात आणि एका सकाळी अचानक आपल्यालाच भांडी घासायला उठावं लागतं. आता लग्नाशी संबंधित आणखी एक काम निघालं होतं.

मी बोळिंजची. म्हणजे वडील राजापूरकडचे, नोकरीसाठी मुंबईत आले आणि नंतर बोळिंजच्या एका कॉम्प्लेक्समध्ये सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिथे शेजाऱ्याच्या दाराला तोरण लागलं तर आम्हाला वाटायचं, अरे, इथे कुणी राहतं वाटतं. सासर मात्र वसईच्या खाडीकाठचं. पुढे भाताची शेतं, मागे खाडी, आणि अख्खी आळी एकमेकांची नातेवाईक. तिथे 'पाणी' कुणी म्हणत नाही, 'पानी' म्हणतात. पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी "लोनी आन" सांगितलं तेव्हा मी दोन मिनिटं फ्रिजसमोर विचार करत उभी होते. पुढे बोळिंजला माहेरी गेले आणि मीच "जरा पानी दे" म्हणाले, तेव्हा मम्मी हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिली.

नवरा सातिवलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याने एक दिवस अर्धी सुट्टी टाकून पालिकेच्या प्रभाग कार्यालयात जाऊन चौकशी केली. लग्नपत्रिका, दोघांचे चेहरे नीट दिसतील असा लग्नातला फोटो, आधार कार्डं, लग्न लावणाऱ्या भटजींची सही, आणि लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार, एवढं लागणार होतं.

फोटो शोधतानाच पहिली पंचाईत झाली. हारांच्या सगळ्या फोटोंत मी तोंड उघडून हसत होते आणि तो कुणाच्या तरी फेट्यामागे होता. एकात दोघं दिसलो, पण त्याचे डोळे मिटलेले. "यात मी गुन्ह्याची कबुली दिल्यासारखा दिसतो," तो म्हणाला. शेवटी जेवणाच्या पंगतीतला एक सापडला. त्याने माझ्या तोंडात जिलबी कोंबलेली, पण चेहरे दोघांचे दिसत होते.

भटजी फुलपाड्यात राहायचे. फोन केला तर एका इमारतीत वास्तुशांतीला आहेत, खाली येऊन थांबा म्हणाले. आम्ही गेटपाशी उभे राहिलो. ते स्कूटरच्या डिकीत दर्भ आणि समिधा भरत आले आणि म्हणाले, "तुमचं कुठलं?"

"खाडीकाठचं," नवरा म्हणाला. "मंगलाष्टकांत लाइट गेले होते."

"हां. वधू हसत होती ते."

"तीच ही."

भटजींनी माझ्याकडे गंभीरपणे पाहिलं. "अंतरपाटाच्या पलीकडून सारखा खुसखुस आवाज येत होता. मी त्यापायी एक कडवं दोनदा म्हटलं."

"म्हणजे आमचं लग्न जरा जास्तच लागलं," नवरा म्हणाला. भटजींना ते पटलं असावं. त्यांनी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही केली, सीट उन्हात तापलेली होती म्हणून मध्येच हात झटकला, आणि आम्हाला नमस्कार करायला लावून दुसऱ्या कामाला निघून गेले. मी परतताना बाईकवर मागे बसून हसत राहिले. कशाला हसत होते ते आज सांगता येणार नाही. तेव्हा सगळ्यालाच हसू येत होतं.

साक्षीदारांचं काम सगळ्यात सोपं असेल असं मला वाटलं होतं. अख्खा गाव लग्नाला होता, त्यातले कुठलेही तीन. संध्याकाळी ओट्यावर चहा पिताना मी तसं बोलून गेले आणि सासूबाईंनी मला डोळ्यांनी गप्प बसायची खूण केली. पण उशीर झाला होता. सासऱ्यांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई, शेजारच्याच घरात राहतात. त्यांनी भिंतीपलीकडून विचारलं, "साक्षीला कोन जानार?"

"अजून ठरलं नाही आत्या," नवरा म्हणाला.

"ठरवायचा काय त्यात? अंतरपाट कोनी धरला होता? मी येनार."

मग मोठे काका आले. त्यांनी मांडव घातला होता. मग नवऱ्याचे मामा फोनवर म्हणाले की मामाशिवाय लग्नाला साक्ष कसली. मम्मी बोळिंजहून म्हणाली की मुलीकडचं कुणीच नको का. काकू, चुलत नणंद, लग्नात नाचताना पाय मुरगळलेला नवऱ्याचा मित्र, सगळे हक्क सांगायला लागले. कुणाला नको म्हणायचं? नवऱ्याने हात टेकले. "सगळे चला. तिथल्या मॅडमच निवडतील."

त्यामुळे ठरलेल्या सकाळी आमच्या दारात भाजीचा टेम्पो उभा राहिला. पहाटे भाजी पोहोचवून तो रिकामा आला होता, आणि आत मेथीचा वास भरून राहिला होता. आत्याबाईंना पुढे ड्रायव्हरजवळ बसवलं. बाकीचे मागे. काकूंनी माझ्या केसांत गजरा माळला. मी लग्नातलीच एक साडी नेसले होते. वाटेत कुणीतरी विचारलं, कुठे चाललात एवढे, तर मोठे काका टेम्पोतून म्हणाले, "सुनेच्या लग्नाला." तो माणूस चक्रावून बघत राहिला, कारण तो आमच्या लग्नात जेवून गेला होता.

विवाह नोंदणीच्या टेबलामागे एक मॅडम होत्या. चष्मा गळ्यात साखळीला लटकवलेला, बोलणं कमी. आमचे कागद त्यांनी एकेक करून पाहिले. जिलबीच्या फोटोपाशी जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "साक्षीदार कोण?"

आमच्यामागची सगळी भिंत पुढे सरकली.

मॅडमनी चष्मा लावला. "तीनच लागतात."

"ते तुम्ही ठरवा," नवरा म्हणाला. "आम्हाला घरी जाऊन यांच्यातच राहायचंय."

पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्या म्हणाल्या, "ओरिजिनल आधार कार्ड कुणाकुणाकडे आहे?" सगळ्यांनी खिसे आणि पिशव्या चाचपल्या. मोठ्या काकांचं कपाटात राहिलं होतं. मित्राकडे फोनमध्ये फोटो होता. आत्याबाईंनी कमरेची चंची सोडली, तंबाखूची पुडी बाजूला केली आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड टेबलावर ठेवलं. मामांकडे होतं. मम्मीकडे तर कार्ड, त्याच्या दोन झेरॉक्स, शिवाय माझा जन्माचा दाखलासुद्धा. असे तीन ठरले आणि कुणाचा मान गेला नाही. काका एवढंच म्हणाले, "सरकारी काम आहे, इलाज नाय."

सह्या झाल्या. आत्याबाईंनी आपलं नाव एवढं सावकाश आणि एवढं मोठं लिहिलं की मामांना सहीला कोपरा उरला. मी सही करताना नव्या आडनावाला अडखळले आणि नवरा कानात म्हणाला, "अजून वेळ आहे, विचार कर." मला पुन्हा हसू फुटलं. मॅडम म्हणाल्या, "हसा, पण चौकटीच्या आत सही करा."

सगळं आटोपून आम्ही निघणार, तेवढ्यात माझ्यामागे उभ्या असलेल्या सासूबाई पुढे आल्या. आतापर्यंत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. आमच्या सासूबाई तशा फारशा बोलतच नाहीत. टेबलावर हात ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "बाई, आमचा पन होईल का?"

"काय?"

"लग्नाचा कागद. आमच्या लग्नाला लय वर्षं झाली. तेव्हा कोनी काढला नाय."

सासरे मागे दाराशी उभे होते, ते पंख्याकडे बघायला लागले.

"होईल की," मॅडम म्हणाल्या. "उशिराचं शुल्क भरावं लागेल. पत्रिका नसेल, भटजी हयात नसतील, तर प्रतिज्ञापत्र करून आणा. लग्न पाहिलेले तीन जण आहेत ना?"

"हे काय, आहेत इथे," सासूबाई मागे वळून म्हणाल्या.

"कशाला आता?" सासरे दारातूनच म्हणाले. "सगळा गाव जानतो."

"गाव जानतो," आत्याबाई म्हणाल्या, "सरकार नाय जानत."

"सुनेला कागद मिळनार," सासूबाई म्हणाल्या. आवाज साधाच होता, पण त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मना नको?"

सासरे पुन्हा पंख्याकडे बघायला लागले. मी आजूबाजूला कुणी आहे याचा विचार न करता म्हणाले, "मी साक्षीदार होते."

"तू त्यांच्या लग्नात नव्हतीस," मॅडम म्हणाल्या. "तुझा नवरापण नव्हता. बाजूला व्हा."

पुढचे दिवस आमच्या घरात पुन्हा लग्नाचं वारं शिरलं. नवऱ्याने प्रतिज्ञापत्राची धावपळ केली. सासूबाईंनी ट्रंक उघडून साड्या बाहेर काढल्या आणि रोज वेगळी साडी ठरवू लागल्या. एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "फोटो लागतो ना ग?" मी हो म्हटलं. त्यांनी हातातली साडी बाजूला ठेवली. मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं.

त्यांच्या लग्नात फोटोग्राफर सांगितला होता. तो खाडीच्या पलीकडून होडीने यायचा होता. पण तो निघायला उशीर झाला, ओहोटी लागली, आणि होडी मध्येच चिखलात रुतली. इकडे मुहूर्त झाला, जेवणं झाली, माणसं पांगली. भरतीचं पाणी चढल्यावर तो आला, तेव्हा नवरी आत घरात रडत बसली होती आणि नवरा होडीवाल्याशी भांडायला काठावर गेला होता. आलाच आहे म्हणून फोटोग्राफरने एक फोटो काढला. रिकामा मांडव, आणि खुर्चीत बसलेल्या आत्याबाई.

"तोच एक फोटो आहे माझ्या लग्नाचा," सासूबाई म्हणाल्या. "मी नाय त्याच्यात. ननंद आहे."

हे सांगताना त्यांना आधी वाईट वाटत होतं. शेवटी शेवटी त्याच हसायला लागल्या, मीही लागले, आणि आम्ही दोघी साड्यांच्या ढिगात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना थोडी घाबरून होते. त्या दुपारनंतर नाही.

सासरे मात्र रोज म्हणत होते, मी येणार नाही, शेतात काम आहे. ठरलेल्या दिवशी सकाळी ते मोरीत गेले ते बराच वेळ बाहेरच येईनात. आले तेव्हा त्यांनी मिशी काळी केली होती. नुसती मिशी. डोक्यावरचे केस पांढरेशुभ्र, भुवया पांढऱ्या, आणि मध्ये काळीकुळकुळीत मिशी. नवरा चहाचा कप घेऊन घाईघाईने मागच्या दारी गेला. मी पदर तोंडात कोंबला. सासूबाईंनी त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि म्हणाल्या, "बरी दिसते."

"जुनीच आहे," सासरे म्हणाले.

या वेळी टेम्पोत माणसं कमी होती, पण सगळे आधार कार्ड हातात धरूनच चढले. साक्षीदार आत्याबाई, मामा आणि मोठे काका. काकांनी कार्ड दोरा बांधून गळ्यात घातलं होतं.

कार्यालयात मॅडमनी कागद तपासले आणि विचारलं, "लग्नातला फोटो?" आत्याबाईंनी चंचीतून तो जुना फोटो काढून अभिमानाने पुढे केला.

मॅडम तो बराच वेळ बघत राहिल्या. "यात वधू कुठे आहे?"

"आत घरात. रडत होती."

"आणि वर?"

"खाडीवर. भांडत होता."

"मग ह्या कोण?"

"मी," आत्याबाई म्हणाल्या. "मी होती हजर, हाच पुरावा."

मॅडमनी चष्मा काढला, तोंडावर रुमाल धरला आणि थोडा वेळ खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दोघांचा आताचा एकत्र फोटो चालेल. शेजारी स्टुडिओ आहे, काढून आणा. मी जेवायला जात नाही तोवर या."

स्टुडिओ म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची एक खोली. भिंतीला निळा पडदा, समोर दिवे. काका कुठूनसे झेंडूचे दोन हार घेऊन आले. फोटोग्राफर तरुण होता. त्याने दोघांना पडद्यापुढे उभं केलं आणि म्हणाला, "अंकल, थोडे जवळ या." सासरे एक पाऊल सरकले, ते भलत्याच बाजूला. "आन्टीच्या जवळ," तो म्हणाला. आत्याबाईंनी भावाला खांद्याला धरून ढकललं. सासूबाईंनी हार घालायला हात वर केले आणि त्यांची नजर मिशीवर गेली. झालं. त्यांना जे हसू आलं ते थांबेचना. हार हातात तसाच, मान खाली, खांदे गदगदतायत. "काय झाला? काय झाला?" सासरे विचारतायत, आणि ते विचारताना मिशी हलतेय, की त्या आणखी हसतायत. मला हसू आलं, मामांना आलं. फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला.

"अहो, हसू नका ना," तो केविलवाणा होऊन म्हणाला.

"तुम्ही काढा," सासरे एकदम म्हणाले. ते आता पडद्याकडे नाही, बायकोकडे बघत होते. "अशीच काढा. मी तिला अशी हसताना कधी बघितली नाय."

त्याने काढला. फोटोत सासूबाई हार धरून तोंडभर हसतायत, आणि सासरे काळ्या मिशीखाली गालातल्या गालात हसत त्यांच्याकडे बघतायत. कॅमेऱ्याकडे कुणाचंच लक्ष नाही. हा फोटो नाकारतील अशी मला धाकधूक होती. दुसरा एक गंभीर चेहऱ्यांचा काढून घेतला, पण त्यात दोघं एकमेकांच्या ओळखीचे वाटत नव्हते. मॅडमनी दोन्ही पाहिले आणि हसरा उचलला. "चेहरे दिसतायत ना," म्हणाल्या, आणि चिकटवला.

शुल्क भरताना सासरे पावतीकडे बघत म्हणाले, "उशीर लय झाला."

"चालतं," मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दोन्ही सर्टिफिकेटं एकदम घ्यायला बोलावलं. आम्ही चौघंच गेलो. नवऱ्याने दोन्ही कागद शेजारी धरून वाचले आणि म्हणाला, "आई, हे बघ. नोंदणीत हिचा नंबर आधी आहे. तुझा नंतर."

सासूबाईंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. "म्हणजे तू थोरली?"

"सरकारच्या हिशेबी," मी म्हणाले.

"मग उद्या सकाळी उठून चहा मना दे," त्या म्हणाल्या, "धाकटीला." आणि माझ्या पाठीवर एक थाप मारली.

बाहेर आलो. मला अजून ऑफिसात जाऊन तो कागद द्यायचा होता, नवऱ्याला दुसऱ्या पाळीला सातिवली गाठायची होती. आम्ही म्हटलं, तुम्हाला रिक्षात बसवून देतो. सासरे रस्त्याच्या कडेला उभे राहून पायाने खडा इकडून तिकडे करत होते. मिशीचा रंग बुडाशी उडायला लागला होता.

"तुम्ही जा दोघं," ते आमच्याकडे न बघता म्हणाले. "आम्ही जरा कळंबला जाऊन येतो."

"कळंबला? कुणाकडे?" नवऱ्याने विचारलं.

"कोनाकडे नाय. किनाऱ्यावर."

सासूबाईंना आधी माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी पदर सावरला, सर्टिफिकेट घडी न करता पिशवीत सरळ ठेवलं, आणि रिक्षात आधी जाऊन बसल्या. सासरे नंतर बसले. रिक्षा वळली तेव्हा दोघं ताठ बसले होते, मधे पिशवी.

नवरा आणि मी तिथेच उभे राहिलो. आपण लहान मुलं आहोत आणि आईबाप आपल्याला सोडून मजा करायला गेले आहेत, असं काहीतरी वाटलं. "आपण कधी जायचं?" मी विचारलं. "आपण थोरले," तो म्हणाला, "आपल्याला कामं आहेत."

मी संध्याकाळी घरी पोहोचले तेव्हा ते आलेले नव्हते. आत्याबाई दोनदा भिंतीपलीकडून विचारून गेल्या. मी देवापाशी दिवा लावला, भाताला आधण ठेवलं, आणि मग दाराशी रिक्षा थांबली. सासऱ्यांच्या हातात भाजलेल्या शेंगांची पुडी होती. सासूबाईंचं नेसूचं काठापासून वर वीतभर ओलं होतं आणि चपला त्यांनी हातात घेतल्या होत्या.

"काय केलंत आई एवढा वेळ?" मी विचारलं.

"काय नाय," त्या पाय धुवायला मोरीकडे जात म्हणाल्या. "पानी बघितला."

आमच्या मागच्या दारापासून खाडी हाकेच्या अंतरावर आहे. त्या आत पाय धूत होत्या आणि कसलं तरी लग्नातलं गाणं हळू आवाजात म्हणत होत्या.